नेट पास, पण जेआरएफ हुकली: पोरीनं बडोद्यात राहावं, पुण्याला जावं की विलायत गाठावी?

मांडवीची_माय | रविवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढते आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मुलगी बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झाली. सीएसआयआरची नेट, म्हणजे विज्ञानाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा, दिली आणि दुसऱ्या वर्गात पास झाली. म्हणजे प्राध्यापकीला पात्र, पीएचडीच्या प्रवेशाला पात्र, पण जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप, नाही. थोडक्यात हुकली. निकालाच्या रात्री घरात कोणी जेवलं नाही, टाकलेली खिचडी सकाळी गाईला गेली.

आता तीन वाटा समोर आहेत. एक म्हणजे इथेच सयाजीराव विद्यापीठात पीएचडीला नाव घालायचं आणि गुजरात सरकारच्या ‘शोध’ योजनेला अर्ज करायचा. त्यात महिन्याला १५,००० आणि वरखर्चाला वर्षाचे २०,००० मिळतात. दुसरी, पुण्याच्या एका संस्थेतून फोन आलाय. तिथले सर त्यांच्या प्रोजेक्टवर ‘जेआरएफ’ म्हणून घेतो म्हणाले. आता हिला परीक्षेत जी मिळाली नाही तीच तिथे फोनवर कशी मिळते? तिसरं, इंग्लंडच्या एका विद्यापीठाचं पत्र. ‘स्टुडंटशिप’ मंजूर म्हणे. शेवटच्या पानावर फीच्या फरकाबद्दल काहीतरी आहे, वीस हजार पौंडांच्या वरचा आकडा आहे. तो मिळणार की भरायचा हे आम्हा नवराबायकोला धड कळत नाही, आणि पोरगी त्या पत्राच्या इतकी प्रेमात आहे की तिला विचारायची सोय नाही.

मी शाळेत शिवण शिकवते. हे कारखान्यातून निवृत्त झाले. सासूबाईंचा प्रश्न एकच: “अजून पाच वर्षं शिकणार, म्हणजे पगार किती?”

पोरीला हा धागा काढल्याचं माहीत नाही.

सेवउसळ_प्रेमी | रविवार, रात्री १०:५२

मावशी, आजींना सांगा पगार नाही, ‘मानधन’. मान वेगळा, धन वेगळं, आणि दोन्ही एका महिन्यात येत नाहीत. (दिवा घ्या, गंमत केली.)

पिपेटवाला | रविवार, रात्री ११:३५

मावशी, स्वागत. मी याच विद्यापीठातून बायोकेमिस्ट्री केली, पुढे पीएचडी बाहेर. तुमचा पुण्याचा प्रश्न अगदी बरोबर आहे, नाव एकच आहे पण वस्तू दोन आहेत.

नेटमधून मिळते ती जेआरएफ मुलीच्या स्वतःच्या नावावर असते. ती घेऊन ती देशातल्या कुठल्याही मान्य विद्यापीठात किंवा संस्थेत जाऊ शकते. गाइडशी नाहीच पटलं तर कागदांचा ढीग उपसून का होईना, ती दुसरीकडे नेता येते. प्रोजेक्टवरची जेआरएफ असते सरांच्या प्रोजेक्टच्या नावावर. मुलगी त्या प्रोजेक्टवर नोकरीला असते असंच समजा. प्रोजेक्ट संपला की जागा संपली. त्यामुळे पुण्याला फोन करून दोनच गोष्टी विचारायच्या: प्रोजेक्टचे किती महिने उरलेत, आणि पीएचडीचं रजिस्ट्रेशन याच जागेवर होणार का. दुसऱ्या प्रश्नावर “बघू, होऊन जाईल” असं उत्तर आलं तर त्याचा अर्थ ‘नाही’ असा घ्यायचा.

आकडे. जानेवारी २०२३ पासून नेटच्या जेआरएफला महिना ३७,००० आहेत. दोन वर्षांनी समितीपुढे काम मांडायचं, पसंत पडलं की सीनियर, मग ४२,०००. एकूण पाच वर्षं. होस्टेल नसेल तर वर घरभाडं, त्यासाठी बडोदा ‘वाय’ श्रेणीचं शहर धरतात. मी २०११ ला लागलो तेव्हा १६,००० होते, आणि माझ्या सीनियर ताईला तेसुद्धा मोठे वाटायचे कारण तिनं १२,००० वर दिवस काढले होते. २०१४ ला २५,००० झाले, २०१९ ला ३१,०००. दोन्ही वेळा आधी पोरं फलक घेऊन रस्त्यावर उतरली, मग फाइल हलली.

आणि मी स्वतः प्रोजेक्टवालाच होतो. संस्थेचं नाव लिहीत नाही. दुसऱ्या वर्षाचा हप्ता वरून आला नाही, आम्हाला सात महिने दमडी नाही. काम मात्र चालूच, कारण पेशी वाढायच्या थांबत नाहीत, त्यांना रविवारीसुद्धा मीडियम बदलून द्यावा लागतो. बाबांनी स्कूटरसाठी साठवलेले पैसे मी मेसच्या बिलात खाल्ले. प्रोजेक्ट संपला तेव्हा माझं रजिस्ट्रेशन होऊन जेमतेम आठ महिने झाले होते. पुढे नेट दुसऱ्यांदा दिली, मिळाली, म्हणून वाचलो.

उपाशी_पोस्टडॉक | सोमवार, पहाटे ३:१०

(इकडे अजून रात्र आहे, लॅबमध्ये जेलवर प्रयोग चालू आहे, म्हणून जागा.)

काकू, ते शेवटचं पान हेच खरं पत्र आहे. इंग्लंडात पीएचडीची फी दोन दरांची असते: घरच्यांसाठी एक, परदेशी मुलांसाठी कितीतरी जास्त. पुष्कळ स्टुडंटशिप फक्त ‘घरची’ फी भरतात. वरचा फरक मुलानं आणायचा. तुमचा तो वीस हजारांवरचा आकडा हा फरक आहे. भरायचा आहे, आणि दर वर्षी.

आता स्टायपेंड बघा. तिथल्या सरकारी संशोधन मंडळाचा, युकेआरआयचा, किमान दर २०२५-२६ ला वर्षाचे २०,७८० पौंड होता. म्हणजे स्टायपेंड येणार आणि तसाच्या तसा फीत जाणार. एका खिशातून दुसऱ्या खिशात, मध्ये पोट उपाशी. त्याशिवाय व्हिसाबरोबर आरोग्याचा अधिभार, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम. चार वर्षांचे ३,१०४ झाले. विमानात बसायच्या आधीच.

याचा अर्थ विलायत वाईट असा नाही. मी स्वतः पूर्ण पैशांवर आलो. युकेआरआयच्या पैशांतल्या जागांवर परदेशी मुलं घेतात, पण एका तुकडीत ३० टक्क्यांपर्यंतच. आणि तिथे फीचा फरक मुलाकडून घेत नाहीत. वेलकम ट्रस्टचे चार वर्षांचे पीएचडी कार्यक्रम आहेत, केंब्रिजला गेट्स शिष्यवृत्ती आहे, कॉमनवेल्थ शिष्यवृत्ती आहे. युरोपात मारी क्युरी नेटवर्कच्या पीएचडीच्या जागा तर चक्क पगारी नोकऱ्या आहेत. अट एवढीच की आधीच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. बडोद्याच्या मुलीची ती आपोआप पूर्ण होते. जर्मनीत माक्स प्लांकच्या पीएचडी शाळा आहेत.

आज लेकीकडून विद्यापीठाला एक मेल टाकायला लावा: “फीचा फरक माफ होणार का? होय किंवा नाही?” मेलमध्ये ‘आय वुड बी ग्रेटफुल’ वगैरे कितीही घाला, प्रश्नचिन्ह मात्र एकच ठेवा.

मांडवीची_माय | सोमवार, दुपारी १:२०

वाचून हे गप्पच झाले. मग म्हणाले, “म्हणजे वर पैसे आपणच द्यायचे आणि पेपरात ‘स्कॉलरशिप मिळाली’ म्हणून फोटो छापायचा?”

लष्करवाली | सोमवार, दुपारी २:०५

आमच्या ग्वाल्हेरला हाच गोंधळ. माझ्या भाचीसाठी विचारते: आम्ही मराठा. महाराष्ट्राच्या सारथीची पीएचडी फेलोशिप मिळेल का? तिकडचे नातेवाईक म्हणतात भरून टाक.

पिपेटवाला | सोमवार, दुपारी २:३०

नाही मिळणार ताई. सारथी, बार्टी, महाज्योती या महाराष्ट्र सरकारच्या तिन्ही संस्थांना तिथला अधिवास लागतो. आपल्या पणजोबांनी शिंद्यांबरोबर किंवा गायकवाडांबरोबर नर्मदा ओलांडली ती ओलांडली, आता डोमिसाइल त्या बाजूला नाही. केंद्राच्या अनुसूचित जाती आणि ओबीसींसाठीच्या राष्ट्रीय फेलोशिप मात्र राज्य बघत नाहीत, जात प्रमाणपत्र केंद्राच्या यादीप्रमाणे लागतं.

जुना_बडोदेकर | सोमवार, संध्याकाळी ६:४५

या गावाला फेलोशिप नवी नाही. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षं दरमहा ११.५० पौंड मंजूर केले. बदल्यात करार, परत येऊन संस्थानची नोकरी करायची. १९१७ ला ते कराराप्रमाणे आले, तर परदेशातून शिकून आलेल्या त्या माणसाला बडोद्यात कोणी खोली देईना. पारशी नाव घेऊन पारशांच्या उताराघरात राहिले, तिथूनही काठ्या घेऊन बाहेर काढलं. मग कमाटीबागेत येऊन बसले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखतात. मॉर्निंग वॉकला जाणाऱ्यांपैकी किती जण थांबतात हा वेगळा विषय.

त्यांनी सोसलं त्याची बरोबरी कशाशीच करत नाही. पण माझ्या डोक्यात ते असतं, म्हणून कोणी ‘किती मिळतात’ विचारलं की मी विचारतो ‘कोणाच्यात जाऊन पडणार आहेस’. पैसे देणारा एक असतो, वागवणारे दुसरेच. बाई, पोरीला लॅबमध्ये पाठवा, पण प्रोफेसरांना भेटायला नको. तिथला चौथ्या-पाचव्या वर्षाचा मुलगा किंवा मुलगी गाठायची, बाहेर चहाला न्यायचं आणि एकच विचारायचं: तुझ्या आधीच्यांना किती वर्षं लागली आणि सोडून कोण गेलं?

सेवउसळ_प्रेमी | सोमवार, संध्याकाळी ७:००

चहा नको काका, सेव उसळ. चहावर पाचव्या वर्षाचा विद्यार्थी तोंड उघडत नाही. तर्री पोटात गेली की सगळं बाहेर.

बायो_नको_रे | सोमवार, रात्री ८:१५

स्पष्ट बोलतो, राग नसावा. पंधरा हजारात पाच वर्षं म्हणजे तरुणपण उधारीवर. मकरपुऱ्यात औषधकंपनीत क्वालिटी कंट्रोलला लागली तर याहून जास्त मिळतील. पीएचडी झाल्यावर काय, पुन्हा पोस्टडॉकची, म्हणजे पीएचडीनंतरच्या तात्पुरत्या संशोधनाच्या जागांची, लाइन. माझा चुलतभाऊ ३६ वर्षांचा आहे, अजून ‘फेलो’च आहे.

उपाशी_पोस्टडॉक | सोमवार, रात्री ८:४०

चुलतभाऊ मीच आहे का?

जुना_बडोदेकर | सोमवार, रात्री ९:२०

नोकरीचा मुद्दा खोटा नाही. पण आपल्याच फतेगंजच्या बाजूचं एक उदाहरण घ्या. वेंकटरामन रामकृष्णन, वडील याच विद्यापीठात बायोकेमिस्ट्रीचे प्राध्यापक. मुलाला मेडिकलला प्रवेश मिळाला होता. पण वडिलांशी ठरलेलं, राष्ट्रीय विज्ञान शिष्यवृत्ती मिळाली तर विज्ञान घेईन. ती मिळाली, डॉक्टरकी सुटली. १९७१ ला बडोद्यातून फिजिक्सची बी.एस्सी., १९७६ ला अमेरिकेत फिजिक्सची पीएचडी, आणि मग गडी पुन्हा जीवशास्त्राचा विद्यार्थी झाला, पहिल्यापासून. पुढे प्राध्यापकीसाठी पन्नासेक ठिकाणी अर्ज केले, कुठेच काम झालं नाही. नोबेल २००९ ला.

बायो_नको_रे | सोमवार, रात्री ९:३१

काका, पन्नास अर्ज करून नोबेल मिळालेला एक. पन्नास अर्ज करून काहीच न मिळालेल्यांचा धागा कोण काढणार?

जुना_बडोदेकर | सोमवार, रात्री ९:४०

हे बरोबर बोललास.

तिसऱ्यांदा_नेट | सोमवार, रात्री १०:१०

मी दोनदा दुसऱ्या वर्गात आले, तिसऱ्यांदा जेआरएफ. म्हणून काकूंच्या मुलीसाठी.

पहिलं, या वर्गाचे गुण पीएचडी प्रवेशाला एक वर्षच चालतात. त्यात नेटला ७० टक्के वजन, मुलाखतीला ३०. म्हणजे ‘आधी बघू, मग घेऊ’ म्हणत वर्ष घालवलं तर हातातलंही जाईल.

दुसरं, प्रवेश घेऊन काम सुरू केलं तरी नेट पुन्हा देता येते, वर्षात दोनदा होते. मिळाली की शोध सोडायची आणि जेआरएफवर जायचं. दोन्ही एकत्र नाही चालत.

आता पेपर. लाइफ सायन्सेसचा पार्ट सी म्हणजे २०० पैकी १०० गुण. ७५ प्रश्न समोर, सोडवायचे २५, प्रत्येकी ४ गुण. मी पहिल्या दोन खेपांना पार्ट बीवर वेळ घालवला, कारण तिथे उत्तरं ‘माहीत’ असतात. सीमध्ये आलेख, जेलचा फोटो, वंशवेल देतात आणि निष्कर्ष विचारतात. वाचून येत नाही, हातानं प्रयोग केलेला असला की येतं. अभ्यासक्रमाची १३ युनिटं आहेत, सगळी कोणीच करत नाही. मी इकॉलॉजी आणि उत्क्रांती चांगली केली, बायोकेमिस्ट्रीच्या मुली ती युनिटं वाऱ्यावर सोडतात आणि तिथेच सोपे गुण पडलेले असतात. तिसऱ्या वेळी आधी सी उघडला.

आणि एकाच परीक्षेवर बसू नका. केंद्राच्या बायोटेक विभागाची, म्हणजे डीबीटीची, बीईटी ही परीक्षा वेगळी आहे. त्यातही दोन वर्ग: पहिल्याची फेलोशिप आपल्याबरोबर फिरते, दुसऱ्याची विभागाच्या पैशांवर चाललेल्या प्रोजेक्टलाच चिकटते. (पिपेटवाल्यांनी सांगितलं तेच पुन्हा.) टीआयएफआर, एनसीबीएस वगैरे संशोधन संस्थांसाठी जेजीईबिल्स ही प्रवेशपरीक्षा आहे. गेट परीक्षेचा एक्सएल (लाइफ सायन्सेस) किंवा बीटी (बायोटेक) पेपर आहे. विद्यापीठात पहिली आली असेल तर इन्स्पायर फेलोशिप बघा. आयआयटी, आयसरमध्ये पंतप्रधान फेलोशिपला सुरुवातीला ७०,००० आहेत, पण तिथे गर्दीही तशीच.

डॉ_चुरगळलेला_एप्रन | सोमवार, रात्री ११:५५

नाइट ड्यूटीवरून. मी एमबीबीएस तिसऱ्या वर्षाला. आम्हाला संशोधन करायचं तर एम.डी. होईपर्यंत थांबायचं का?

पिपेटवाला | मंगळवार, सकाळी ७:३०

नाही. आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप खास एमबीबीएस-बीडीएसच्या मुलांसाठी आहे, १९७९ पासून. कॉलेजमधलाच गाइड, दोन महिन्यांचं छोटं काम, अहवाल दिला की मानधन आणि प्रमाणपत्र. प्रश्न लहान निवड. ‘मधुमेहाचा समूळ अभ्यास’ नको, ‘आमच्या ओपीडीतले रुग्ण इन्सुलिन कुठे ठेवतात’ एवढा चालेल. एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, तिची बैठक तुझ्या सवडीनं होत नाही, म्हणून ती आधी.

मांडवीची_माय | मंगळवार, दुपारी ३:१५

सासूबाईंचा दुसरा प्रश्न आला. लग्न मध्येच झालं तर पीएचडी सुटते का?

तिसऱ्यांदा_नेट | मंगळवार, दुपारी ३:५०

आजींना सांगा, सुटत नाही. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पीएचडी कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, वर दोन मिळू शकतात, आणि बायकांना त्याशिवाय आणखी दोन. बाळंतपण आणि मुलाच्या संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. मी स्वतः घेतली. नियमात आहे हे विभागात तीनदा दाखवावं लागलं, चौथ्यांदा छापूनच नेला.

तेच नियम म्हणतात प्रोफेसरकडे एका वेळी आठच, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार विद्यार्थी. गाइड हो म्हणाले तरी जागा रिकामी आहे का ते ऑफिसात विचारा.

मांडवीची_लेक | मंगळवार, रात्री ९:०५

आई, ‘मांडवीची_माय’ आणि खिचडी गाईला? वर्गातल्या दोघींनी मला लिंक पाठवली.

असो. सगळं वाचलं. रविवारी असतं तर भांडले असते.

इंग्लंडला मेल टाकला होता, आज उत्तर आलं. खूप गोड आहे, चार परिच्छेद, आणि उत्तर ‘नाही’. पुण्याला फोन केला. प्रोजेक्टचे १४ महिने उरलेत, रजिस्ट्रेशनबद्दल सर म्हणाले “होऊन जाईल”. (पिपेटवाला दादा, शब्द तोच.)

आणि सेव उसळ खाल्ली. मला ज्यांच्याकडे जायचंय त्या मॅडमच्या लॅबमधली पाचव्या वर्षाची ताई. चार वाट्या झाल्या, तिनं पैसे दिले नाहीत, म्हणाली सहा महिन्यांनी देते. मॅडम रागावतात पण थीसिस अडवत नाहीत. आधीच्या तिघांना पाच, साडेपाच, पाच वर्षं. एक सोडून गेला, तो बँकेत लागला आणि दिवाळीला मिठाई घेऊन येतो. उणे ऐंशीचा फ्रीज दोनदा बंद पडलाय, जनरेटर येईपर्यंत सगळे मिळून ड्राय आइस आणतात. ही शेवटची गोष्ट ऐकून का कोण जाणे मला तीच लॅब हवीशी वाटली.

तर मी इथेच नाव घालते. शोधला अर्ज करते, पुढची नेट देते, पार्ट सी आधी. मारी क्युरीच्या जागा दर आठवड्याला बघणार आहे, आई, ते तू वाचलंयस म्हणून सांगते.

बायो_नको_रे | मंगळवार, रात्री ९:३०

शोध किती महिन्यांसाठी ते मंजुरीच्या पत्रात नीट बघ. पुढचे महिने कशावर काढणार त्याचा हिशोब आत्ताच कागदावर मांड. शुभेच्छा, खरंच.

मांडवीची_माय | बुधवार, दुपारी १२:४०

बँकेत जाऊन आलो. पोरीचं खातं आधारला जोडायचं होतं. खिडकीवरचे भाऊ म्हणाले, “डीबीटी चालू करायचं ने?” मी म्हटलं नाही हो, डीबीटीची परीक्षा तिनं अजून दिलेली नाही, ही शोधची आहे. मागची रांग हसली. ते डीबीटी वेगळं, थेट खात्यात पैसे येण्याचं, असं पोरीनं बाहेर आल्यावर सांगितलं.

पासबुक छापून घेतलंय. सासूबाईंनी मागून घेतलं आणि पाहून परत दिलं, “यात तर काहीच नाही.”

सेवउसळ_प्रेमी | बुधवार, दुपारी १२:४८

आजींना सांगा, दर महिन्याच्या एक तारखेला बघायचं नाही. आमच्यात पाडव्याला बघतात.